अख्ख्या खात्याची हजेरी

कांजूरमार्गच्या रंगाच्या कारखान्यात चेऊलकर साहेब आले आणि त्यांनी हजेरी बोनसची नवी तऱ्हा काढली. महिनाभर अख्खं खातं हजर असेल, तरच खात्यातल्या सगळ्यांना बोनस. एकाचा जरी खाडा पडला तरी सगळ्यांचा गेला. साहेबांचं डोकं मोठं सुपीक! कामगारांवर पाळत ठेवायला त्यांना कामगारच फुकट मिळाले.

पहिल्या दिवशी खात्यातल्या काशीरामने या बोनसला चार शिव्या घातल्या होत्या. पण जुलैत तुळशीदास आईला अग्नी द्यायला कोकणात गेला आणि सगळ्यांचा बोनस बुडाला. कारखान्यामागच्या चाळीत खात्यातल्या गाववाल्यांची एक खोली होती, तिथे मग त्याच्या पंगतीला कुणी बसेना. तुळशीदासचं ताट वेगळं मांडणारा काशीरामच होता.

ऑगस्टचा बोनस म्हणजे गणपतीला गावी जायचं भाडं. दोन वर्षं काशीरामने घरचा गणपती पाहिला नव्हता. आणि नेमका महिन्याच्या शेवटच्या दिवशी खोलीतला अनंता तापाने फणफणला. डोळे पिवळेजर्द, उभंही राहवेना.

"काशीराम, आज माका जमाचा नाय रे."

सगळे कामावरचे कपडे चढवत राहिले. अनंताने कोपऱ्यात बसलेल्या तुळशीदासकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच खमीस मागितलं. काशीरामला लाज वाटायला हवी होती. त्याला हायसं वाटलं.

दोघांनी खांदा देऊन अनंताला आत नेलं, त्याचं कार्ड मारलं आणि रंगाच्या डब्यांआड पोत्यावर निजवलं. जेवणाच्या सुट्टीत काशीराम पाणी घेऊन गेला, तेव्हा अनंता संपला होता. काशीरामच्या मनात पहिलं आलं ते हेच, की हजेरी सकाळीच लागली आहे.

चेऊलकर साहेब आले. "वाईट झालं," ते म्हणाले. "कार्ड मारलं होतं ना? मग खाडा नाही."

मागे कुणीतरी रोखलेला श्वास सोडला. तुळशीदासने एकट्याने विचारलं, "साहेब, तेच्या बायकोक कंपनी काय देतली?"

"मशीनने थोडाच मेलाय? आजारी माणसाला आणलं कुणी आत?"

एकेक जण आपापल्या कामाकडे वळला.

गणपतीत काशीराम गावी गेला. अनंताच्या घरी सुतक, म्हणून अंगणातूनच बोलला. अनंताची बायको सगुणा दारात आली.

"इतको ताप होतो, मगे कामार कशाक गेले?"

"आमी नको म्हटलाव. ऐकूक नाय."

"तसेच होते ते." तिने डोळ्यांना पदर लावला. "भावजीनू, तेंच्या जागेर बाळाक लावशात ना? माझी चूल कशी पेटतली?"

बाळा, अनंताचा धाकटा भाऊ, पडवीत बसून खोकत होता. त्याला लहानपणापासूनचा दमा. काशीरामने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. महिन्याला एक तरी खाडा नक्की.

"ती जागा भरली गो, वयनी," तो म्हणाला.

जागा रिकामीच होती. घरी माणसं आरतीला खोळंबली होती, काशीराम भरभर निघाला.