बोटभर फट

होय, खुर्चीच बोलतेय. दचकायचं कारण नाही. आजवर माणसं माझ्यावर बसून तासन्‌तास बडबडली, ते मी निमूट ऐकलं. आता जरा माझं ऐका.

मी नमुन्याची खुर्ची. म्हणजे विकायची नाही, दाखवायची. गिऱ्हाईक यायचं, माझ्यावर बसायचं, दोनदा हलून बघायचं आणि म्हणायचं, "अश्शीच हवी." माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. पुढच्या अर्ध्या भागात सुताराचा भुसा, मागच्या अर्ध्या भागात गादीवाल्याचा फोम आणि कापड. मध्ये खडूची रेघ. ती रेघ दोघांनी मिळून मारली होती. दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं आणि पुढची बरीच वर्षं शेवटचं काम.

सुताराची थोरली बहीण गादीवाल्याची बायको. म्हणून हा त्याला "दाजी" म्हणायचा आणि तो याला "मेहुणे". बोलणं इतकं गोड की बाजारभर नाव झालं होतं, भागीदारी असावी तर अशी! मला हसू यायचं. पण खुर्चीला हसता कुठं येतं, फार तर करकरता येतं.

खरं सांगू? कामाबद्दल दोघं एक अक्षर बोलायचे नाहीत. विचारणं म्हणजे कमीपणा! "दाजींना विचारायला मी काय शिकाऊ आहे?" हा पुढे पुटपुटायचा. "लाकूड कळलं म्हणजे गादी कळते होय?" तो मागे कुरकुरायचा. सुतार सांगाडा करून रेघेवर ठेवणार, गादीवाला तिथून उचलून नेणार. बास, एवढीच ती थोर भागीदारी.

मग खुर्च्या नीट कशा व्हायच्या? ताईमुळे. ताई म्हणजे तीच, एकाची बहीण, दुसऱ्याची बायको. गाद्यांच्या खोळी ती शिवायची. शिवण्याआधी उठून टेपनं सांगाडा मोजायची, गादी मोजायची, मला मोजायची, आणि जिथं कमी पडेल तिथं गुपचूप फोमची पट्टी घालून सारखं करायची. तोंडातून चकार शब्द नाही. एकाची चूक दाखवली तर भाऊ रुसणार, दुसऱ्याची दाखवली तर नवरा. दोघं भांडून वेगळे झाले तर भावाच्या दारात ती कुठल्या तोंडानं जाणार? आई-वडील गेलेले. माहेर म्हणून तो एकच भाऊ उरला होता. दुपारी घटकाभर ती माझ्यावर टेकायची, पण पाठ लावून कधी बसली नाही.

एकदा वाचनालयाच्या बाई आल्या. पिशवीतून पुस्तक काढून माझ्यावर चांगला अर्धा तास वाचत बसल्या. मला आवडल्या. उठून म्हणाल्या, "पाठ दुखली नाही. अशाच साठ करा."

आणि नेमकी त्याच आठवड्यात ताई जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं. हात प्लॅस्टरमध्ये, ताई घरी. खोळी बाहेर शिवायला दिल्या.

आता या दोन शहाण्यांची करामत ऐका. सुतार मनाशी म्हणाला, "दाजी गादी नेहमी ठासून भरतात. आपण सांगाडा एक बोट रुंद करू." गादीवाला मनाशी म्हणाला, "मेहुणे सांगाडा नेहमी आवळ करतात. आपण गादी एक बोट कमी कापू." दोघं एकमेकांवर उपकार करत होते, आणि दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून! मी तिथंच कोपऱ्यात उभी होते. माझं माप घ्यावं असं कुणाला सुचलं? छे! माझ्यावर चहाचे कप ठेवले होते.

बाई बघायला आल्या. पहिल्याच खुर्चीत बसल्या आणि गादीसकट सरकन पुढे आल्या. खुर्चीच्या हाताची दांडी धरली म्हणून वाचल्या, नाहीतर जमिनीवरच. चष्मा निसटून गादी आणि सांगाड्यामधल्या फटीत पडला. बाईंनी तो शांतपणे काढला, पुसला आणि म्हणाल्या, "मी खुर्च्या सांगितल्या होत्या, घसरगुंड्या नाही. आठ दिवस देते. नाहीतर काम दुसऱ्याला."

त्या गेल्या आणि इथं तोंडाचा पट्टा सुटला.

"सांगाडा तुमचा, मेहुणे!"

"गादी तुमची, दाजी!"

वीस वर्षांचा गोडवा पाच मिनिटांत संपला. शेवटी सुतारानं पटाशी आपटली. "उद्यापासून तुम्ही तुमचं बघा, मी माझं. आणि माझ्या घराकडं कोणी फिरकू नका. कोणीच!"

दारात ताई उभी होती. गळ्यात अडकवलेला हात, चेहरा पांढराफटक.

"कोणीच म्हणजे मीपण का रे?"

सुतार आपटलेली पटाशी उचलायला खाली वाकला.

ताई आत आली. माझ्यावरचे कप उचलून खाली ठेवले आणि पाठ लावून बसली. म्हणाली, "माझा हात चालत नाही. आता तुमची तोंडं चालवा. टेप आण. हिचं माप घे, मोठ्यानं सांग."

"ताई, मी काय लहान..."

"मोठ्यानं!"

"अठरा इंच."

"तुम्ही म्हणा."

"अठरा," गादीवाला पुटपुटला.

सांगाडा मोजला, गादी मोजली. ताई म्हणाली, "दोन बोटं फट आहे. एक बोट तुझं, एक यांचं. तू आतून लाकडाची पट्टी ठोक, हे गादीला फोम जोडतील. आणि एवढी वर्षं ही फट कोण बुजवत होतं, ते विचारा एकदा."

कुणी विचारलं नाही. लाजले म्हणावं, तर लाजायलाही थोडी अक्कल लागते.

आठ दिवस ते दोन बाप्ये पाढे म्हटल्यासारखे मापं म्हणत होते. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं म्हणायचं, मगच हत्यार लावायचं. खडूची रेघ पायांखाली पुसून गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. साठच्या साठ खुर्च्या वाचनालयात पोचल्या. बाई बसल्या, वाचत राहिल्या, निघायचं नावच घेईनात.

मग काय, दुकानाचा बोलबाला! कुणी गुपित विचारलं की सुतार छाती फुगवून म्हणायचा, "टीमवर्क!" गादीवाला मान डोलवायचा. जणू जन्मतःच शिकून आले होते. भागीदारीचा रीतसर कागदही केला. ताईनं तो वाचला.

"माझी सही कुठं?"

दोघं हसले. त्या बाबतीत मात्र एकमत. "ताई, तू तर घरचीच!"

"बरं," ताई म्हणाली. हातगाडीवाल्याला हाक मारून तिनं मला गाडीवर चढवलं. "घरचीच ना मी? मग ही घरची वस्तू घरी नेते."

तिसऱ्या दिवशी भाऊ तिच्या दारात हजर, मागे नवरा. नवं गिऱ्हाईक आलेलं, दाखवायला नमुना नाही.

"ताई, खुर्ची दे ना."

"मिळणार नाही. गिऱ्हाईक इकडं आणा, माप इथं घ्या. आणि येताना कागद आणा. तीन सह्यांचा."

"कागदावर कशाला, ताई? माणसं काय म्हणतील?"

"माणसं अजून तुम्हाला शहाणं म्हणतात. त्यांचं काय ऐकायचं?"

दुसऱ्या दिवशी कागद आला. ताईनं माझ्या दांडीवर तो ठेवून सही केली. हात आखडलेला, अक्षरं वाकडी. सुतार बघत होता. एकदम म्हणाला, "ताई, त्या दिवशी 'कोणीच' म्हणालो, ते चुकलं माझं."

"माप लिहून घे," ताई म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून तिनं डोळे पुसले.

आता मी ताईच्याच खोलीत असते. म्हातारी झालेय. फोम बसलाय, मागचा एक पाय झिजून आखूड झालाय, त्यामुळे डुगडुगते. सुतार रोज सकाळी येतो, वाकून पाय बघतो, चहा घेतो, बहिणीशी तासभर बोलतो आणि जाताना म्हणतो, "उद्या नक्की नीट करतो." वर्ष झालं. एवढा नावाजलेला कारागीर, एक पाय नीट करता येत नाही! ताई त्याला कधी घाई करत नाही.

तेव्हा मायबाप वाचकहो, एवढंच मागणं. तुमच्यात कुणी सुतारकाम जाणणारा असेल, तर त्यानं कृपा करून माझ्या पायाला हात लावू नये.