खड्ड्यावरची सतरंजी

धाकटीने सतरंजी नेमकी शेकोटीच्या खड्ड्यावर अंथरली आणि मांडी ठोकून वर बसली. सरपणाची मोळी घेऊन आलेला मोठा भाऊ समोर उभाच राहिला.

“ऊठ. अंधार पडायच्या आत पेटवू दे.”

“यंदा शेकोटी नाही, दादा.”

“शेकोटीशिवाय कसला आलाय कॅम्प? मग घरी गच्चीवरच झोपायचं होतं की!”

दादा, वहिनी आणि धाकटी दरवर्षी या तळ्याकाठी तंबू ठोकत. शेकोटी पेटवायची दादाने आणि सांभाळायची धाकटीने, हे ठरलेलं. का, तर ती बेकरीवाली, तिला आगीची सवय. काडी ओढायचा मान एकाचा, धूर मात्र दुसरीच्या डोळ्यांत. वर्षभर भट्टीपुढे भाजून निघालेली बाई सुट्टीतही लाकडं सारत, चहा उकळत बसायची, आणि तळं कायम पाठीमागे राहायचं. याचा तिला मनापासून राग होता. यंदा तो गिळायचा नाही, असं ठरवूनच ती आली होती.

“पाव आहे, उकडलेली अंडी आहेत, थर्मासभर चहा आहे. थंडीही नाही. आग कशाला हवी, एक कारण सांग.”

दादाने मोळी आपटली.

“पद्धत आहे आपली.”

“पद्धत तुझी, राबायचं मी! उठणार नाही म्हणजे नाही.”

वहिनी काहीतरी बोलणार होती, पण नवऱ्याकडे पाहून तिने ओठ मिटले.

अंधार झाला. पाण्यात चांदण्या दिसू लागल्या. धाकटी तळ्याकडे तोंड करून निवांत बसली होती. दादा मात्र अजून तंबूचा दांडा धरून उभाच. तिने चहा ओतून कप पुढे केला.

“घे, रुसूबाई.”

दादाचा हात कपाच्या वीतभर अलीकडेच चाचपडत राहिला.

धाकटीची थट्टा जागीच विरली. दादा शिंपी. हल्ली दिवेलागणीनंतर सुईत दोरा वहिनीच ओवून द्यायची, आणि सगळे त्याला आळशी म्हणून हसायचे.

“कधीपासून?”

“वर्ष झालं,” वहिनी म्हणाली. “उजेड गेला की यांना काही दिसत नाही. शेकोटी असली की निभतं. सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला.”

मोळी हाताशीच होती. धाकटी उठली, मोळी ओलांडून गेली आणि तिने दादाचं मनगट धरून त्याला सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं.

“आता तरी पेटव,” तो पुटपुटला.

“नाही. मी सांगते, तू ऐक. समोर चांदण्यांची एक ओळ आहे. वाकडीतिकडी, तुझ्या शिलाईसारखी.”

“माझी शिलाई वाकडी नसते,” दादा ताडकन म्हणाला. मनगट मात्र त्याने सोडवून घेतलं नाही.