रंगनाथ महाराजांची नळी

चांदवडच्या मठात गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसे. कबड्डी खेळणारी हर्षाली तिथे आली ती दोघांच्या खांद्यावर. घशातून शिट्टीसारखा आवाज, श्वास आत जाईना. दम्याचा पंप मारूनही उपयोग नव्हता. रंगनाथ महाराजांनी तिच्या ओठांत बांबूची नळी धरली.

"हळू फुंक, पोरी. हडळ गळा धरून बसलीय. पंपबिंप काय करणार? आपलं डायरेक्ट वरचं कनेक्शन हाय."

थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. जयघोष झाला, व्हिडिओ तालुकाभर फिरला.

तो बघून तिचा मामा झुंबर मठात गेला. त्याचा दमा जुना आणि खरा. महाराजांनी त्याला पंप विहिरीत टाकायला लावला. आठवडाभरात दम्याच्या झटक्यात मामा दगावला.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

हर्षालीचा श्वास पुन्हा अडकू लागला, तेव्हा तिने नाशिक गाठलं. डॉक्टर मनीषांनी तिला जिना चढायला लावला आणि श्वास अडकताच नाकातून बारीक कॅमेरा घातला. श्वास घेताना उघडायच्या स्वरयंत्राच्या पट्ट्या पडद्यावर चक्क मिटत होत्या.

"हा दमा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दम्यात छातीतल्या नळ्या आवळतात, तिथे पंप लागतोच. तुझं दार गळ्यात मिटतं. नाकाने हुंगल्यासारखा श्वास घे, ओठांचा चंबू करून हळू सोड. पट्ट्या सैल होतात."

"म्हणजे महाराजांनी नळीतून फुंकायला लावलं, त्यानं?"

"तेच केलं."

हर्षालीने फोनवर मठातला तो व्हिडिओ उघडला. मामाला मठात नेलं होतं ते तिच्याच व्हिडिओने.

रोज सराव करून झटका आवरता येऊ लागल्यावर ती एका गुरुवारी मामीला, भागीबाईला, घेऊन मठात गेली. श्वास अडकेपर्यंत ती मठाच्या पायऱ्या पळत चढली-उतरली. महाराज नळी घेऊन धावले. तिने त्यांचा हात झटकला, हुंगल्यासारखा श्वास घेतला, हळू फुंकर सोडली. श्वास मोकळा झाला. मग माईक घेऊन तिने डॉक्टरांनी दाखवलेलं सगळं सांगितलं.

भागीबाई पुढे झाली. "महाराज, माझ्या धन्याच्या छातीत कोण बसलं होतं?"

महाराज मागच्या दाराकडे सरकले. तोवर हर्षाली तिथे जाऊन उभी राहिली होती. तिने आधीच जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली होती. पोलीस येईपर्यंत ती हलली नाही. महाराज कोंडीत सापडलेले बघून तिला बरं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"माफ कर पोरी, साधू माणूस हाय," कुणी म्हणालं.

"मी नाय करणार," ती म्हणाली. "आणि तुम्हीबी डोकं गहाण ठेवू नका. श्वास अडला तर आधी डॉक्टर गाठा. चालू औषध सोड म्हणणाऱ्याला कारण विचारा. तो देवाकडं बोट दाखवायला लागला, की तिथून उठा."