अकरा खाचांचा बांबू

"डोक्याची बाजू वर धरा रे! घाई नाय, धक्का नाय."

भागी सुईणीचा हा हुकूम अजून माझ्या पेरापेरांत घुमतो. मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे; वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतल्या डोलीचा. बेटातून तोडले तेव्हा वाटले होते, लग्नाच्या मांडवाला लागेन. पण भागीबाईने माझ्यावर गोधडीची झोळी बांधली. वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणूस, अडलेली बाई, सारी माझ्यावरूनच खाली सडकेला जात. "बांबू देवासारखा धावला," लोक म्हणत. प्रत्येक फेरीला भागीबाई कोयत्याने एक खाच पाडी. अकरावी खाच तिच्या सुनेची, सोनालीची. बाळ वाटेतच गेले. त्या दिवशी मला कुणी देव म्हटले नाही.

मग वाडीने उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. सरकारी कागदात तर रस्ता झालेला होता! खरेखोटे पाहायला न्यायमूर्तींनी अंजूताई नावाच्या वकिलांना धाडले.

"रस्ता कुठाय?" त्यांनी विचारले.

"कागदावर झोपलाय. तुमीच उठवा," सोनालीचा नवरा नामा म्हणाला.

ताईंनी माझ्या खाचांवरून बोट फिरवले. पुढचे टोक स्वतःच्या खांद्यावर घेतले, मागचे नामाने. पन्नास पावलांत त्या थांबल्या.

"वकीलबाई, अजून डोलीत कोण बसलं पण नाय गो!" भागीबाई म्हणाली.

ताईंनी ती पन्नास पावलेही न्यायालयाला द्यायच्या अहवालात लिहिली.

न्यायालयाने आदेश दिला : जगण्याच्या हक्कात दवाखान्यापर्यंत पोचणेही येते, पावसाळ्याआधी रस्ता करा. वाडीत गूळ वाटला. रस्ता निघाला आणि ओढ्याशी अडला. खोदकामाचे मशीन गेले ते परत आले नाही. सोनालीला पुन्हा दिवस गेलेत. आता आठवा महिना आहे.

"काम थांबलं तर मला सांगायला या, पुन्हा न्यायालयापुढे जाऊ," अंजूताई म्हणाल्या होत्या.

"येईन," भागीबाईने शब्द दिला होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. मला खुशाल वाळवी लागू द्या. जीव देव देतो. तो वाटेत जाऊ नये हे पाहणे माणसांचे काम. म्हणून तो आदेश जपा. त्याला पाय नाहीत, ते आपणच द्यायचे.

आज सकाळी भागीबाईने देवापुढे दिवा लावला. बाराव्या खाचेच्या जागी हात ठेवून ती क्षणभर उभी राहिली. कोयता कुडाच्या भिंतीलाच राहू दिला. आदेशाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचली, आणि झोपलेल्या सोनालीला न उठवता ती अंजूताईंकडे जायला ओढ्याकडे उतरू लागली.