कोपऱ्यातली फळी

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या गावची निम्मी माणसं दर मंगळवारी आणि शुक्रवारी हातातली कामं टाकून चढावर जाऊन बसायची. कशासाठी? तर एक जीप बंद पडताना बघायला. बायका पोरं कडेवर घेऊन यायच्या, म्हातारे काठ्या टेकत यायचे, आणि एका शहाण्यानं तिथं शेंगा विकायलाही सुरुवात केली होती. जत्राच म्हणा ना.

हळ्ळीखेडहून आमच्या गावाकडं येणारी सडक तेव्हा कच्ची होती, सव्वातीन मैलांची. आधी थोडं सपाट, मग लाल दगडातला उभा चढ, आणि वर उघडा माळ. चढाच्या मध्यावर चिंच, चिंचेखाली देवीचा शेंदूर फासलेला दगड, आणि दगडाशेजारी घाटअप्पा. हा मनुष्य कुठला, कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सावलीला म्हणून बसला तो उठलाच नाही.

जीप शंकरप्पाची, लष्करी लिलावातली. सकाळी साडेदहाच्या सुमारास ती चढाला लागायची. चिंचेपाशी आली की इंजिनाला एक आचका, दुसरा आचका, की गप्प. गर्दी एकदम "हां!" करायची. मग अप्पा उठायचा.

"यारू? कोण बसलंय गाडीत?" तो डोळे मिटून विचारायचा. उघड्या डोळ्यांनी दिसलंच असतं, पण मग चमत्कार कसला! "इंजिनात अग्नी, टाकीत जल, चाकात वारा! तीन देव जुंपलेत रे गाडीला! देव कामून थांबले? विटाळ बसलाय मागं, विटाळ! इळी! उतर खाली!"

तीन देवांपैकी चाकातला वारा तेवढा अप्पाला खरोखर ठाऊक असावा, अग्नी नि जल मात्र नाही. एकदा त्यानं आशीर्वाद द्यायला तापल्या रेडिएटरच्या झाकणावर तळहात ठेवला आणि बोंब मारली. फोड आले. तर संध्याकाळपर्यंत गावात बातमी, की देवीनं अप्पाचा हात हातात घेतला.

त्याची हाक झाली की जीपच्या मागच्या कोपऱ्यातून चांगुणाबाई उतरायच्या. सरकारी दवाखान्याच्या नर्स. तिशीच्या, पांढरं सुती लुगडं, हातात काळी पेटी. हळ्ळीखेडात खोली घेऊन राहायच्या आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी नि शुक्रवारी, आमच्या गावात यायच्या. त्यांच्या घरच्यांनी सतरा वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता. आमच्या गावाच्या लेखी मात्र त्या जुन्याच जातीच्या होत्या.

त्या खाली उतरल्या की अप्पा बॉनेटवर लिंबू आपटायचा. शंकरप्पा स्टार्टर मारायचा. आणि जीप सुरू व्हायची! एकदा नाही, दोनदा नाही, दर खेपेला. लोक आरडाओरडा करत दगडापुढं नारळ फोडायचे, जीप वर निघून जायची, आणि नर्सबाई उरलेले दोन मैल पायी तुडवायच्या. परत बसवायची कुणाची छाती होती?

मी हे सगळं पुढच्या सीटवरून बघितलं आहे. मी नरहरराव, शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. हळ्ळीखेडच्या शाळेतून घरी यायला मला तीच जीप असायची. शाळा सकाळची होती. अप्पा थोतांड आहे हे मी चारचौघांत बोलायचो, मोठ्यानं बोलायचो. पण जीप का थांबते याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि खाली उतरून शोधायची तसदी मी घेतली नाही. चांगुणाबाईंच्या लुगड्याला कंबरेखाली बारीक बारीक भोकं पडायची, तीही मी बघितली. बायका म्हणायच्या, "अप्पाची नजर जाळायलीय तिचं लुगडं." मी हसलो आणि वर्तमानपत्र उघडलं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी माझी मुलगी अन्नपूर्णा अडली. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. पहाटेपासून कळा, आणि सुईण दहाच्या आत हात टेकून बसली. मी शंकरप्पाची जीप घेऊन हळ्ळीखेडला धावलो. चांगुणाबाई जेवायचं ताट बाजूला सारून तशाच निघाल्या. मी पुढं बसलो. मागं आणखी पाच-सहा जण चढले. मुलगी अडलेली असली तरी फुकटची जीप कोण सोडतो? सगळे बसल्यावर नर्सबाई शेवटी मागच्या कोपऱ्यात बसल्या.

चिंचेपाशी जीप बंद पडली.

"इळी!" अप्पा ओरडला.

"अप्पा, बाळंतीण अडलीय," मी म्हणालो. "आजच्या दिवस..."

"मग तर उतरीव आधी! देव खोळंबलेत. बाळ-बाळंतीण दोघं जातील, सांगून ठेवतो!"

जीपमधले पाच-सहा जणही बोलायला लागले. "मास्तर, उतरवा की. गाडी तर निघंल." आणि मी, विज्ञानाचा मास्तर, मागं वळून काय म्हणालो ऐका. मी म्हणालो, "बाई, तुम्ही या मागून पाय उचलून. मी पुढं जाऊन पाणी तापवायला सांगतो."

चांगुणाबाईंनी पेटी उचलली. "मास्तर," त्या म्हणाल्या, "जीप पोचून काय करणार? जीपला बाळंतपण करता येतं व्हय?"

एवढं बोलून त्या उतरल्या. जीप सुरू झाली. लोकांनी आरोळी ठोकली.

जीप वेळेवर पोचली. मी पोचलो, ते पाच-सहा रिकामटेकडे पोचले, आणि पाणीही तापलं. नर्स तेवढी आली नाही. मे महिन्याच्या उन्हात, पेटी घेऊन, दोन मैल पळत येणाऱ्या बाईला जेवढा वेळ लागेल तेवढा लागला. नाळ गळ्याभोवती होती. चांगुणाबाईंनी अन्नपूर्णेला वाचवलं. मुलगा होता. तो रडलाच नाही.

हात धुताना त्या म्हणाल्या, "पंधरा मिन्टं आधी आले असते तर."

आता गावाची अक्कल बघा. तिसऱ्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर बैठक बसली, आणि ठरलं काय? नर्स अपशकुनी आहे, तिची बदली करा. तिचा पाय घरात पडला आणि पोर गेलं! अर्ज लिहायला माझ्याकडेच आले. अक्षर चांगलं ना माझं. मी सोप्यात बसून लिहायला घेतला. होय, घेतला. नातू गेल्याच्या दुःखात कुणावर तरी दात खायचे होते, आणि त्यासाठी माझी स्वतःची मान सोडून दुसरी कुणाचीही मान मला चालणार होती.

आतल्या खोलीत अन्नपूर्णा खाटेवर पडली होती. तिनं सगळं ऐकलं असावं.

"बाबा," ती आतून म्हणाली, "त्या चालत कामून आल्या, तेबी लिहा अर्जात."

माझा हात थांबला. ती आणखी बोलली. "तुम्हाला विज्ञान येतं, न्हाई का?"

अर्धा अर्ज खिशात कोंबून मी तसाच हळ्ळीखेडला गेलो. काय बोलायला चाललो होतो मला माहीत नव्हतं. चांगुणाबाईंच्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ आलेला होता, भीमराज. गुलबर्ग्याकडं एका बस डेपोत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. तो दारात उभा राहून बहिणीचं लुगडं उजेडाला धरून बघत होता.

"अक्का," तो विचारत होता, "तू बॅटरीवर बसायलीस व्हय?"

"कसली बॅटरी? मी फळीवर बसते."

"फळीखाली काय हाय?"

"मला काय ठाव? माझी जागा तीच. त्या फळीवर दुसरं कुणी बसतच न्हाई."

"हे ॲसिड हाय अक्का. आमच्या डेपोत सगळ्यांच्या पँटींना अशीच भोकं हायत."

सल्फ्युरिक आम्ल. सुती कापडावर पडलं की धुण्यात भोकं पडतात. आठवीच्या वर्गाला मी दर वर्षी शिकवतो, फळ्यावर लिहून देतो आणि परीक्षेत विचारतो. मला त्या दारात लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या मंगळवारी भीमराज जीपपाशी आला. त्यानं आधी शंकरप्पाला विचारलं, "अण्णा, बॅटरी हितं कवापासून?"

"दसऱ्यापासून. पुढची मेली. मग लॉरीची जुनी बॅटरी घातली. मोठी, पुढं मावंना. म्हणून मागच्या कोपऱ्यात ठेवली आन वर फळी ठोकली."

"आन गाडी थांबायला लागली कवापासून?"

शंकरप्पा डोकं खाजवायला लागला. "दसऱ्यानंतरच की रे!"

भीमराजनं तिथं काहीच उघडलं नाही. म्हणाला, चला चढावर, सगळ्यांसमोर होऊ द्या. चिंचेखाली नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. नर्सचा भाऊ आलाय म्हटल्यावर काहीतरी वाईट घडेल, या आशेनं लोक आले होते.

सपाटीला, चढाच्या पायथ्याशी, त्यानं जीप थांबवली, तशी निम्मी गर्दी खाली धावत आली. "अक्का, तू पुढं बस, ड्रायव्हरशेजारी." मग गर्दीकडं वळला. "आता मागच्या फळीवर दुसरं कुणीतरी बसा."

कुणी हललं नाही.

"कामून? विटाळ तर अक्काच्या अंगात हाय म्हणता. अक्का पुढं हाय. मग फळीला भ्यायचं काय कारण?"

तरी कुणी नाही. शेवटी खरं बाहेर आलं ते एका म्हाताऱ्याच्या तोंडून. "त्या फळीवर कसं बसणार बाबा? ती तिची जागा हाय."

"अप्पा, तुम्ही बसा," भीमराज वर चिंचेकडं तोंड करून ओरडला. "तुम्हाला तर देवी हात देती."

"मी? तिथं?" अप्पानं पाय पोटाशी घेतले. देवी, अग्नी, जल, वारा, सगळे पाठीशी असलेला हा पुरुष दीड हाताच्या फळीला घाबरला.

मी जाऊन बसलो. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. एवढं केलं नसतं तर अन्नपूर्णेला तोंड दाखवता आलं नसतं.

जीप चढाला लागली. माझं अंग मागं सरकलं, फळीचा मागचा कोपरा माझ्या वजनानं खाली दबला. आचका. दुसरा आचका. जीप चिंचेपाशी बंद!

चांगुणाबाई पुढच्या सीटवर बसून समोर बघत होत्या.

"उतरा मास्तर," भीमराज म्हणाला. मी उतरलो. शंकरप्पानं स्टार्टर मारला आणि जीप सुरू झाली. "अप्पा! मास्तरलाबी विटाळ लागला व्हय हो?"

मग मी उतरलेलो असताना त्यानं फळीवर ज्वारीचं पोतं ठेवलं. बंद. पोतं काढलं. सुरू. पोत्याची जात कोणती, हे काही कुणी विचारलं नाही. तेव्हा कुठं त्यानं फळी उपसली आणि लोकांना एकेक करून जवळ बोलावून दाखवलं. खाली लॉरीची जुनी बॅटरी, वर आम्ल सांडलेलं. बॅटरीपासून निघून जीपच्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली एक जाड वायर. तो बोल्ट ढिला होता. फळी दबली की वायरीवर बसायची, वायर लोखंडापासून सुटायची, आणि बॅटरीचा संबंध तुटायचा.

"सपाटीला इंजिन जोरात फिरतंय, तवा डायनामो सांभाळून घेतो," भीमराज म्हणाला. "चढाला इंजिन हळू झालं की सगळा भार बॅटरीवर. बॅटरी तुटली की ठिणगी न्हाई, ठिणगी न्हाई की गाडी बंद. माणूस उतरलं की फळी वर, वायर जाग्यावर, गाडी चालू. लिंबू फेका न्हाईतर चप्पल फेका."

त्यानं पाना लावला. दीड वेढा. एवढंच. माझा नातू ज्याच्यापायी गेला तो बोल्ट दीड वेढ्यात घट्ट झाला.

अप्पा लगेच सावरला, हे मान्य करायला हवं. "पण बोल्ट ढिला केला कुणी?" तो आकाशाकडं बघून म्हणाला. दोघा-चौघांनी माना डोलावल्यासुद्धा. पण चांगुणाबाईंना पुढं बसवून, फळीवर पोतं ठेवून जीप सरळ चढून गेली, आणि त्यानंतर चिंचेखाली शेंगा विकणारा काही आला नाही. पावसाळ्याच्या तोंडाला अप्पाही उठून गेला. दुसरा चढ शोधला असेल.

मी अर्ज फाडला. गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिली नसती.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी हळ्ळीखेडला जीपपाशी उभा होतो. चांगुणाबाई पेटी घेऊन आल्या. शंकरप्पा खूश होता, हसून, अगदी मानानं म्हणाला, "या नर्सबाई. बसा आता बिनघोर मागं. फळी पक्की केलीय तुमच्यासाठी!"

आणि मागच्या बाकावरची माणसं समाधानानं माना हलवत होती. अपशकुन गेला, विटाळ गेला, विज्ञान जिंकलं. फळी तेवढी तशीच राहिली, आणि तिच्यावर बसायचं माणूसही तेच.

मी घाईनं म्हणालो, "बाई, फळीवर मी बसतो."

"तुम्ही तिथं बसून माझं काय होणार, मास्तर?" त्या म्हणाल्या. "सरका. मला पुढं बसायचंय."

त्या पुढं बसल्या. मी बाकावर जागा धरली. तीन जण उतरून गेले, म्हणाले, तिच्या मागं बसण्यापेक्षा आम्ही चालत येतो. त्या दिवशी दोन मैल ते चालले, आणि नर्स वेळेवर पोचली.

माझं मागणं मोठं नाही. चमत्कार दिसला तर लिंबाकडं बघू नका, चमत्काराचा दोष ज्याच्या माथ्यावर मारला आहे त्याच्याकडं जा. त्याला आपण कुठं बसवलं आहे ते बघा. तिथं स्वतः बसा. खाली काय आहे ते फळी उचलून बघा. कळलं नाही तर कळणाऱ्याला विचारा, लाजू नका. आणि हे सगळं त्याच दिवशी करा. मी सात महिने पुढच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचलं. त्या मुलाचं नाव ठेवायचंही राहून गेलं.