एकेक रीळ मोजताना

मित्रांनो, तो बुधवार अगदी साधा होता. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं, मालकीणबाईंनी मला स्टँडवरून उचललं, माझी पुढची काच रुमालाने पुसली आणि दारात उभ्या असलेल्या शिंप्याला विचारलं, "काय रे, आज कुणाचं कापड फाडलंस?"

"काकू, मी कापड शिवतो."

"आधी फाडतोस, मग शिवतोस. बोल, काय देऊ?"

त्याने आठ पांढरी रिळं, दोन चेन आणि हुकांचं एक पाकीट घेतलं. मी अकरा वेळा टिंग केलं. दुपारी शेजारची शिवणवाली मावशी येऊन बसली. तिला एका कोटासाठी तपकिरी बटणं हवी होती आणि मालकीणबाईंच्या मते ती बटणं त्या कोटाला शोभत नव्हती. दोघी अर्धा तास भांडल्या. शेवटी मावशीने तीच बटणं घेतली आणि मालकीणबाई म्हणाल्या, "घे, पण माझ्या दुकानातून घेतलीस असं कुणाला सांगू नकोस."

संध्याकाळी सात वाजता त्यांनी मला स्टँडवर ठेवून माझं हिरवं बटण दाबलं. दिवसभराचे आकडे माल पुरवणाऱ्या गोदामाकडे निघाले. पडद्यावर 'पाठवले' असं उमटलं. "गेले का? शहाणा आहेस," असं म्हणून त्यांनी दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं नाही. पहाटे झोपेतच त्या गेल्या होत्या. मला ते कळायला आठवडा लागला.

आता माझी ओळख करून देतो. मुठीत मावेन एवढा, करड्या रंगाचा, कडेला टवका उडालेला मी एक जुना स्कॅनर आहे. वस्तूंच्या पाकिटांवर काळ्या रेघांचा एक छोटा चौकोन असतो, तो तुम्ही पाहिला असेल. तुम्हाला त्या रेघा सारख्याच दिसतात. मला त्यांत वस्तूचं नाव, रंग आणि मापही वाचता येतं. माझा लाल उजेड रेघांवरून फिरला की मी टिंग करतो आणि दुकानातली ती वस्तू एकने कमी झाली अशी नोंद करतो. मला एवढंच येतं, पण एवढं मी मनापासून करतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून पुढे सरकताना कुणी माझ्यात तारा बसवल्या, कुणी काच लावली. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने मला वहीच्या मलपृष्ठावरच्या रेघा वाचायला लावल्या. मी पहिल्याच फटक्यात टिंग केलं. तिने मान डोलावली आणि माझ्यावर एक गोल खूण चिकटवली. मिळालेली ती पहिली शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

मला या दुकानात आणलं मालकीणबाईंच्या मुलीने. ती दूरच्या शहरात नोकरी करते. हे दुकान शिवणाच्या सामानाचं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर रिळं, आणि रिळं म्हणजे नुसता पांढरा-काळा नव्हे, एकशे चाळीस छटा. मी येण्यापूर्वी मालकीणबाई दर शनिवारी फळ्यांवर नजर टाकून यादी करत आणि गोदामाला फोन लावत. फोन कधी लागे, कधी लागत नसे. यादीत जे सुटे ते पुढच्या शनिवारपर्यंत दुकानात नसे.

मुलीने समजावलं, "आई, आता यादीच करायची नाही. तू विकलेलं मशीनला दाखवायचं. तुझ्या फळीवर किती आहे ते गोदामालाही दिसेल. एखादा रंग पाचावर आला की ते न सांगता पाठवतील."

"म्हणजे माझ्या फळीवर नजर ठेवणार ते?"

"नजर नाही गं. तू आणि त्यांनी एकच आकडा बघायचा."

"आणि आकडा खोटा निघाला तर?"

"कसा निघेल? मशीन खोटं बोलत नाही."

हे ऐकून मला फार अभिमान वाटला. पण मित्रांनो, मला जे दाखवाल तेच मी सांगतो, हे तिने तेव्हा आईला नीट सांगितलं नाही. तिथेच घोळ झाला.

शिंपी येतात ते बारा रंगांची बारा रिळं एकदम घेतात. सगळ्या रिळांची किंमत एकच. मालकीणबाईंनी विचार केला, बारा वेळा कशाला टिंग करायचं? त्यांनी हाताशी होतं ते एक निळं रीळ मला दाखवलं आणि बाराचा आकडा दाबला. बिल बरोबर आलं. शिंपी खूश, त्याही खूश. मी मात्र गोदामाला प्रामाणिकपणे कळवलं की आज बारा निळी रिळं खपली.

हे दीड महिना चाललं. गोदामाने मुकाट्याने निळी रिळं पाठवली. मग आणखी पाठवली. बाकीचे रंग फळीवरून संपत चालले, पण माझ्या आकड्यांत ते भरलेलेच होते, म्हणून ते कुणी पाठवले नाहीत. एक दिवस गोदामातल्या ताईंचा फोन आला.

"काकू, एक विचारू? तुमच्या गावात सगळे निळेच कपडे घालायला लागले का?"

"का हो?"

"दीड महिन्यात तुम्ही साडेनऊशे निळी रिळं विकलीत."

मालकीणबाईंनी मागे वळून पाहिलं. माळ्यापर्यंत निळी खोकी रचलेली होती. त्याच दिवशी एक शिंपी पोपटी रिळासाठी दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेला होता. "काकू, तुमच्याकडे पोपटी नाही म्हणजे आता मी जायचं तरी कुठे?" असं तो म्हणाला, ते त्यांना फार लागलं होतं.

मुलगी रजा काढून आली. दोन दिवस तिने सगळं मोजलं, आकडे सुधारले, निळी खोकी परत पाठवली. दमली होती. निघताना पिशवीची चेन लावता लावता ती म्हणाली, "तुला कळत नाही तर विचारायचं ना. मला गोदामातल्या लोकांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. माझ्याच ओळखीने त्यांनी मशीन दिलं होतं."

मालकीणबाई फक्त "बरं" म्हणाल्या. डबा भरून दिला आणि बसपर्यंत सोडून आल्या.

त्यानंतर मुलगी दुकानाविषयी काही विचारीनाशी झाली. फोन येत, पण पंधरवड्यातून एकदा. तब्येत, हवा, जेवण, संपलं. एकदा मावशीने विचारलं, "लेक काय म्हणते गं दुकानाबद्दल?" तेव्हा मालकीणबाई बटणं निवडत म्हणाल्या, "तिला काय पडलंय दुकानाचं. तिचं तिकडे छान चाललंय. असू दे."

पण माझ्याशी त्यांची वागणूक त्या दिवसापासून बदलली. बारा रिळं असली तर बारा वेळा टिंग. चाळीस असली तर चाळीस वेळा. शिंपी कंटाळायचे. एक जण म्हणाला, "काकू, एवढ्या वेळात माझा सदरा शिवून झाला असता."

"मग उसवला पण असता. थांब जरा."

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. सहा वर्षं दुकानातला एकही रंग संपला नाही. पाच पोपटी उरली की तिसऱ्या दिवशी खोकं दारात. वर्षातून दोनदा विकली जाणारी जांभळी लेससुद्धा कुणी मागण्याआधी फळीवर हजर. गोदामातल्या ताई एकदा फोनवर म्हणाल्या, "काकू, या भागात काय खपेल ते आम्ही आता तुमच्या आकड्यांवरून ठरवतो. इतके पक्के आकडे दुसऱ्या कुठल्या दुकानातून येत नाहीत." मालकीणबाईंनी फोन ठेवला, माझी काच पुसली आणि फळीकडे पाहत म्हणाल्या, "ऐकलंस?" ही गोष्ट त्यांनी मुलीला कळवली नाही. आपल्याच तोंडाने काय सांगायचं, असं त्या मावशीला म्हणाल्या.

आणि मग तो बुधवार संपला.

आठ दिवस मी अंधारात स्टँडवर होतो. वीज बाहेरून बंद केलेली होती, त्यामुळे माझी बॅटरी उतरली. काचेवर धूळ बसली. पुढच्या गुरुवारी शटर वर गेलं तेव्हा मी एकदम 'ऐकलंस?' या शब्दाची वाट पाहिली. पण आत आली मुलगी. तिच्या मागून मावशी. दोघींच्या बोलण्यातून मला सगळं समजलं.

काउंटरवर गोदामाचं पत्र होतं. मुलीने ते मोठ्याने वाचलं. दुकानाकडून आठवडाभर आकडे आलेले नाहीत. शनिवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण मोजणी पाठवावी. मोजणी आणि नोंद यांत शंभरामागे दोनपेक्षा जास्त फरक निघाल्यास दुकान यादीतून काढलं जाईल.

"म्हणजे काय गं?" मावशीने विचारलं.

"म्हणजे माल बंद."

मावशी मालकीणबाईंच्या खुर्चीवर बसली, मग चटकन उठली आणि स्टुलावर बसली. "हे बघ, दुकान मी सांभाळते. माझं शिवण इथेच घेऊन बसेन. तुझ्या आईचं नाव पाटीवर राहील. पण माल आला पाहिजे. रिकाम्या फळ्या राखत बसू का मी?"

"मावशी, जमेल असं वाटत नाही. निळ्या रिळांचं आठवतंय ना? सहा वर्षांचं काय काय बाहेर निघेल, मला तर बघायचीच भीती वाटते."

"मोजून तर बघ. मग भी."

मोजणीला गुरुवारची दुपार, अख्खा शुक्रवार आणि शनिवार लागला. मावशी फळीवरून एकेक रीळ देई, मुलगी मला दाखवी, मी टिंग करी. एक फळी झाली की माझ्या पडद्यावर दोन आकडे येत. वर नोंद, खाली मोजणी. पहिल्या फळीला दोन्ही आकडे एकच आले. मुलीने तीच फळी पुन्हा मोजली. पुन्हा एकच. दुसरी फळी, तिसरी फळी, बटणांचे डबे, चेनचे गठ्ठे, अस्तराचे तागे. प्रत्येक वेळी ती पडद्याकडे पाहायची आणि प्रत्येक वेळी खालचा आकडा वरच्यासारखाच असायचा.

"त्या गोदामवाल्या बाईंनी आईला काय सांगितलं होतं, तुला ठाऊक आहे का?" मावशीने रिळं देता देता विचारलं आणि 'पक्के आकडे' ही सगळी हकिगत सांगितली.

मुलीने हात पुढे केला. मग म्हणाली, "पुढचं रीळ दे."

शेवटी चार हजारांवर वस्तूंत फरक निघाला तो सुयांच्या तीन पाकिटांचा.

"दोनांचं माहीत नाही," मावशी म्हणाली. "एक माझं आहे. बुधवारी पिशवीत टाकलं, तिने टिंग करायच्या आत."

इतक्या दिवसांत मुलगी पहिल्यांदा हसली.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्या घरी, शाळेत, दुकानात असतात. आमची काच पुसत जा, आम्हाला आपटू नका, एवढं तर सगळेच सांगतात. मी आणखी एक मागतो. आमच्याजवळ जे सांगाल ते खरं आणि पुरतं सांगा, कारण दुसऱ्या टोकाला कुणीतरी त्याच्या भरवशावर बसलेलं असतं. ते कोण असेल हे सांगणाऱ्याला नेहमी माहीत असतंच असं नाही. मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझे आकडे फक्त गोदामात जातात.

शनिवारी सातला थोडा वेळ असताना मुलीने मला स्टँडवर ठेवलं आणि हिरवं बटण दाबलं. 'पाठवले.' आणि त्याच क्षणी तिच्या पिशवीत तिचा फोन वाजला.

"बघ, गोदामाचं उत्तर आलं वाटतं," मावशी म्हणाली.

"नाही, ते सोमवारी येईल. हे आपलेच आकडे." तिने फोन बाहेर काढून पडदा मावशीपुढे धरला. "निळ्या रिळांच्या वेळी आकडे सुधारले, तेव्हाच मी तसं करून ठेवलं होतं. इथून जे जातं त्याची एक प्रत मला येते."

"म्हणजे रोज?"

"रोज."

"सहा वर्षं? आणि तिला माहीत होतं?"

मुलीने मान हलवली. नाही.

मावशीने पिशवी उचलली, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि "मी बाहेर थांबते," म्हणून पायरीवर जाऊन उभी राहिली.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. भरलेल्या फळ्यांपुढून मुलगी मालकीणबाईंच्या खुर्चीपर्यंत चालत आली. मग तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि समोर कुणी बसलं असावं तसं, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"आई, मी रोज बघायचे. सात वाजले की काम टाकून बघायचे. आकडे आले की वाटायचं, तू बरी आहेस, दुकानात आहेस, आता घरी जाशील. चाळीस रिळं खपलेली दिसली की म्हणायचे, आज आई दमली असेल. एखाद्या दिवशी पाच मिनिटं उशीर झाला तर फोन हातात धरून बसायचे. तुला तसं बोलल्याची लाज वाटायची, म्हणून दुकानाचं विचारायला तोंड उघडत नव्हतं. पण तुझा एकही दिवस मी बघितल्याशिवाय गेला नाही, आई. एकही नाही."