ठवणीवरची अर्धी ओवी

मित्रांनो, असे लांब का बसलात? या, जवळ या, ऐसपैस मांडी घाला. एका थोर माणसाची आणि त्याच्या फजितीची गोष्ट सांगते. ती ऐकून हसू आलं तर खुशाल हसा.

मी एक जुनी ठवणी आहे. ठवणी म्हणजे ग्रंथ ठेवायची लाकडी बैठक. एका सुताराने एकाच फळीतून, एकही खिळा न मारता मला कोरून काढलं. उघडली की दोन हात पसरून उभी, मिटली की पुन्हा फळी. काम संपल्यावर तो बायकोला म्हणाला, "बघ, न कुरकुरता वाकणारी या घरात ही एकटीच!" बायकोने त्याच्या हातात झाडू दिला. "मग भुसा गोळा करा आणि तिच्याकडून शिका."

मला घेऊन गेले गाणारे गुरुजी. लोक प्रवचन सांगतात, गुरुजी ते गात. चाळीस वर्षं ग्रंथ माझ्या हातांवर होता आणि त्यांचा सूर माझ्या लाकडात. त्यांनी वरचा सूर लावला की मला पालवी फुटायचीच काय ती बाकी राही. एका ओळीवर तर सभागृह डोलायचं:

दार देवाचे उघडे, यावे सानथोर सारे.

'सारे'वर गुरुजी अशी तान घेत की टाळ्यांनी छत हलावं. मग लोकांच्या आग्रहाने तीच ओळ चार वेळा, सगळं सभागृह गात साथीला. आणि ग्रंथ मिटून गुरुजी थेट कथेत शिरत.

पुढे वयाने गुरुजींचा आवाज बसला, बोलणं कुजबुजीवर आलं. मी मिटले आणि कपाटावर गेले. शेजारी एक मोडका पंखा होता. दोन वर्षं आम्ही दोघांनी इमानेइतबारे धूळ खाल्ली. कौतुक होतं तेव्हा वाटतं, ते कधी सरणार नाही. सरतं हो!

पण एका सकाळी गुरुजींच्या लेकीने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, तेलाचा हात दिला. तिला सगळे ताई म्हणतात. वडिलांच्या जागेवर बसून ती पहिल्यांदा गाणार होती. मला आनंद मावेना!

तीन दिवस आधी अग्निशमन दलाच्या अधिकारी बाई सभागृह पाहायला आल्या. मागच्या दारापुढे खुर्च्यांची चवड बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी लेखी बजावलं, एका वेळी दीडशेच माणसं, मागचं दार मोकळं, आणि तसं लिहून गाणाऱ्याने सही करायची. नाहीतर कार्यक्रम नाही.

सभागृहाचे व्यवस्थापक होते किल्लीवाले काका, गुरुजींचे जुने मित्र. ते उसळले. "येणार चारशे माणसं! ताई, तू दीडशेवर सही ठोक. मोजायला कोण बसलंय?"

"खोटी सही करू, काका?"

"त्यात खोटं काय? ग्रंथातच आहे, यावे सानथोर सारे! ग्रंथ मोठा की ती चिठ्ठी? आणि त्या बाईंना आपला ग्रंथ काय कळतोय?"

"त्यांना दार कळतं, तेवढं पुरे. काका, ग्रंथ आपला आहे. कायदा आपलाही आहे, आणि ज्यांनी हा ग्रंथ उघडूनही पाहिला नाही त्यांचाही आहे. मी खोटं लिहिणार नाही."

काका किल्ल्या वाजवत निघाले. "मग अडीचशे माणसांना दारातून परत पाठव. बापाच्या जागेवर बसून बापाचीच ओळ मोड!"

हे मात्र ताईला लागलं. आपल्या पहिल्याच गाण्याला माणसं दारातून परत जाणार? ती माझ्यापुढे बसली, ग्रंथ उघडला. ती ओळ पानाच्या अगदी तळाशी होती. ताईने ती हळू आवाजात गायली आणि पान उलटायला गेली, तर पान पुढच्या पानाला चिकटलेलं! तिने नखाने अलगद सोडवलं. वरच ओवीचा राहिलेला अर्धा भाग होता:

आल्या जीवाला जपावे, हेचि पूजन ते खरे.

"बाबा!" ती ओरडलीच. "ही ओळ तुम्ही कधी गायलीच नाहीत?"

गुरुजींनी चष्मा लावून पान पाहिलं. मग आवाज नसलेलं हसू त्यांच्या पोटातून उसळलं. "टाळ्यांच्या नादात माझं पान उलटायचंच राहिलं गं," ते कुजबुजले. मी तरी काय बोलणार? चाळीस वर्षं ते पान माझ्याच हातांवर होतं!

काकांना बोलावलं. त्यांनी ओळ दोनदा वाचली. "म्हणजे मी जन्मभर अर्धीच ओवी गायली?"

"एकटे नाही, काका. चारशेजण होते तुमच्या साथीला," ताई म्हणाली. "आलेल्याला जपायचं, तर दीडशेच बसवू. पण बाकीच्यांना परत पाठवायचं नाही. मी तीनदा गाईन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी."

"घसा बसेल, पोरी!" काका म्हणाले. पण खुर्च्यांची चवड त्यांनीच उचलायला घेतली.

ताईने खरी सही केली आणि त्या दिवशी अशी गायली की काय सांगू! पूर्ण ओवी घुमली तेव्हा गुरुजींच्या डोळ्यांना धार लागली होती. काका दारात उभे राहून माणसं मोजत होते. एकशे पन्नास झाले आणि त्यांनी दोरी बांधली. स्वतः बाहेर.

"अहो, तुम्ही या की! एकाने काय होतंय?" आतून कुणी म्हणालं.

"एकशेएक्कावन्न होतात," काका म्हणाले.

तिन्ही वेळा सभागृह भरलं, तिन्ही वेळा काका बाहेर. पायरीवर उभे राहून दोन्ही ओळी जीव तोडून गात होते. पाहणीला आलेल्या अधिकारी बाई शेजारी थांबल्या. "काका, सूर वर गेला," त्या हळूच म्हणाल्या. काकांनी तो आणखी वर नेला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा. ग्रंथ वाचाल तर पान उलटून वाचा. आणि भरल्या सभागृहात छान जागा मिळून गाण्यात रंगाल, तेव्हा तुमच्यासाठी पायरीवर थांबलेल्या एकशेएक्कावन्नाव्या माणसाची तेवढी आठवण ठेवा.